ना-हरकत

माझ्या हातून खेळात एकच मोठा खोटेपणा झाला, आणि तो मैदानावर झाला नाही. घरातल्या लोखंडी कपाटात, माझ्या कॉलेजच्या फायलीत, तो दोन महिने पडून होता.

मी भिवंडीतल्या कामतघरची. वडील सरकारी कार्यालयात कारकून, आई घरी. आमचा मुलींचा कबड्डी संघ कापडाच्या एका लूम कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत सराव करायचा. माती लाल, भुसभुशीत. सराव संपला की नाकातून कापसाचे तंतू आणि माती दोन्ही निघायची. आमचे सर त्याच कारखान्यात लूम दुरुस्त करायचे. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांचे कान जवळजवळ गेले होते. त्यामुळे ते फार मोठ्याने बोलायचे, आणि त्यांना काही सांगायचं तर आम्हालाही ओरडावं लागायचं. संध्याकाळी शिफ्ट बदलताना कारखान्याच्या दारात कामगार उभे राहून आमचा खेळ बघायचे. बहुतेक सगळे उत्तरेकडचे. मी पकड करायला वाकले की कुणीतरी म्हणायचं, "दीदी, पैर, पैर पकड़ो." इतके दिवस बघून बघून त्यांना खेळ कळायला लागला होता.

ती आमच्यात आली तेव्हा सतरा वर्षांची होती, मी एकोणीसची. पडघ्याच्या पुढे डोंगरात तिचा पाडा. आई-वडील स्वतःच्या तुकड्यावर भात लावायचे आणि उरलेलं वर्ष मजुरीला जायचे. आश्रमशाळेच्या एका स्पर्धेत सरांनी तिला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पाड्यावर जाऊन तिच्या बापाला विचारलं. ती आठवड्यातून चार दिवस यायची. डोंगर उतरून पाऊण तास चालत, मग जीपने पडघा, तिथून एसटीने भिवंडी. शनिवारी ती आमच्याकडे राहायची. माझ्या आईच्या पोळ्या तिला आवडायच्या नाहीत, पण ते सांगायला तिला वर्ष लागलं. त्यानंतर आई तिच्यासाठी नाचणीची भाकरी करायला लागली.

ती चढाई करायची. अंगापिंडाने बारीक होती, पण हात इतके लांब की समोरच्या मुलीला स्पर्श झालेला कळायच्या आत ती मधली रेषा ओलांडून परत आलेली असायची. मी डाव्या कोपऱ्यात उभी राहायचे. तिने गुण आणायचे आणि मी ते राखायचे, असा आमचा संघ तीन वर्षं चालला. बाकीच्या पाचजणी चांगल्या होत्या, पण लग्नं, परीक्षा, नोकऱ्या यांत त्या बदलत राहायच्या. आम्ही दोघी बदललो नाही. मी कर्णधार होते आणि आमच्या क्रीडा मंडळाची कागदपत्रंही बघायचे, कारण घरात कारकुनी असल्यामुळे अर्ज नीट लिहिणं मलाच जमायचं.

मुंबईतल्या एका कंपनीच्या संघाने तिला बोलावलं ते आमच्या चौथ्या हंगामाच्या तोंडावर. दरमहा मानधन, राहायची सोय, मॅटवर सराव, आणि दोन-तीन वर्षं चांगली खेळली तर कायम नोकरी. तिने ही गोष्ट सगळ्यांच्या आधी मला सांगितली. आम्ही धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत उभ्या होतो. ट्रक, हॉर्न, रिक्षावाल्यांच्या हाका, त्यात ती माझ्या कानाजवळ येऊन बोलत होती. तिचा चेहरा इतका उजळलेला मी आधी कधी बघितला नव्हता.

मी म्हणाले, "म्हणजे विकली गेलीस."

रिक्षा आली, ती मागे दोघांच्या मध्ये सरकून बसली आणि गेली.

एका मंडळाकडून दुसऱ्या संघात जायचं तर जुन्या मंडळाचं ना-हरकत पत्र जिल्हा संघटनेकडे द्यावं लागतं, तेही मुदतीच्या आत. सरांनी मजकूर सांगितला, मी मंडळाच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिला, सरांनी खाली सही केली. ते लिहून झाल्यावर सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, चांगलं झालं पोरीचं. पत्र ठाण्याला नेऊन देणं माझ्याकडे होतं.

पहिले चार दिवस माझी खरोखरच परीक्षा होती. पाचव्या दिवशी नव्हती. मी तयार होऊन बाहेर पडले, एसटी स्टँडपर्यंत गेले आणि परत आले. घरी येऊन पत्र फायलीत ठेवलं आणि फाईल कपाटात. सरांना सांगितलं, दिलं. तिचा फोन आला तेव्हा म्हणाले, दिलंय, वरून उशीर होतोय. असं दोनदा सांगितलं. मुदत गेली. कंपनीने तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली.

त्या दिवसांत मला आपण काही वाईट करतोय असं वाटत नव्हतं, हे मला लिहायला हवं. मी स्वतःला सांगत होते की मी संघ वाचवतेय. ज्या सरांनी तिला डोंगरावरून आणलं, ज्या घरात ती जेवली, त्यांना सोडून ती पैशासाठी आणि चषकांसाठी निघाली होती. मी कुठे निघाले होते? मी तर इथेच होते. मला माझ्या निष्ठेचा अभिमान वाटत होता. वडिलांचा पगार दर महिन्याला घरात येतो म्हणून ती निष्ठा मला परवडते, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी सकाळी सर आमच्या घरी आले. जिल्ह्याच्या एका सामन्याला त्यांना संघटनेतले गृहस्थ भेटले होते आणि बोलता बोलता म्हणाले होते, तुमच्या त्या मुलीचं पत्र आलंच नाही की. सर चपला काढून आत आले, खुर्चीवर बसले आणि आईने दिलेलं पाणी तसंच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी कपाट उघडलं आणि पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. नाकारावं असं वाटलं नाही. वडील वर्तमानपत्राची घडी करून उठले आणि आतल्या खोलीत गेले.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलत होते, त्यामुळे शेजारच्या दोन्ही घरांना सगळं ऐकू गेलं असणार. त्यांनी मला त्यांची स्वतःची गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. तरुणपणी त्यांना मुंबईच्या एका मोठ्या संघाने बोलावलं होतं, नोकरीसकट. ते गेले नाहीत. त्यांचं मंडळ, त्यांची माणसं, हीच माती, त्यांना इथेच खेळायचं होतं. त्याचा त्यांना कधी पश्चात्ताप झाला नाही. मला वाटलं, आता सर माझी बाजू घेणार.

"पण माझं मी ठरवलं होतं," सर म्हणाले. "तिचं तू ठरवलंस."

मग त्यांनी पत्र माझ्याकडे परत दिलं. ते म्हणाले, नवीन तारीख घालून दुसरं लिही, मी सही करतो, पण न्यायचं तूच, आणि पोरीला सांगायचंही तूच. फोनवर नाही.

मी मंगळवारी गेले. पडघ्याला उतरून जीपची वाट बघत हायवेच्या कडेला उभी राहिले. ती हेच दर वेळी करते हे मला माहीत होतं, पण कधी केलं नव्हतं. जीप पायथ्यापर्यंत. तिथून वर जायला मला तास लागला, आणि मी रोज पळणारी मुलगी होते. वाटेवर ऊन होतं. भाताची कापणी होत आली होती आणि उतारावर माणसं गवत कापत होती. तीही त्यांच्यात होती, आईबरोबर. हंगाम हातचा गेला म्हणून ती पडघ्याच्या एका गोदामात पॅकिंगला जाऊ लागली होती, आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती.

मला बघून ती हसली. तिला वाटलं मी सहज आलेय. त्या हसण्याने मला सगळ्यात जास्त लाज वाटली. मी बसले नाही, पाणीही घेतलं नाही, उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पत्र मी दिलंच नव्हतं. दोन महिने माझ्याकडे होतं. तुला खोटं सांगितलं.

ती ऐकत होती आणि विळा चालवत होती. एक पेंढी बांधून झाली, दुसरी बांधून झाली. तिच्या आईने विचारलं, काय म्हणते ती? ती आईला म्हणाली, काय न्हाय, चूक सांगायला आलीय. आई माझ्याकडे बघून, आता ही एवढ्या लांब आलीच आहे तर जेवून जाईल, असं काहीतरी म्हणाली आणि घराकडे गेली.

मग ती उभी राहिली. "मी सरांना शिव्या घातल्या इतकं दिवस," ती म्हणाली. "मना वाटलं सरांनीच अडवलं. त्यांचा फोन बी नाय उचलला."

एवढंच. ती पुन्हा वाकली. मी तिच्या बाजूला बसून पेंढ्या बांधायला लागले. मला ते नीट येत नव्हतं, तिने दोनदा सोडून परत बांधल्या. बऱ्याच वेळाने मी म्हणाले की इथे आल्यावर मला समजलं. घर बघितलं, वाट बघितली. तुला पैशाची गरज होती आणि मी तुला विकली गेलीस म्हणाले. मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. मी ते तसंच, बरं वाटावं म्हणून, मऊ आवाजात म्हटलं होतं.

तिने विळा खाली ठेवला. आता ती खरोखर चिडली होती.

"पैशासाठी जायाचं असतं तर गोदामात बी पैसं हाय," ती म्हणाली. "मना जिंकायचं हाय. मोठ्या टीमला हरवायचं हाय. तुमच्यासंगं मी मरेपर्यंत खेळले तरी जिल्ह्याच्या पुढं न्हाय जाणार. तुला ठाव हाय ते."

मला माहीत होतं. पैशाची अडचण म्हणून ती गेली असती तर मी तिला माफ करून मोठी झाले असते. तिला आमच्यापेक्षा मोठं व्हायचं होतं, आणि तिचा तो हक्क होता, हे गिळायला मला अवघड गेलं. त्या उतारावर बसून मी ते पहिल्यांदा कबूल केलं, मनातल्या मनात. तिला म्हणाले फक्त, हो, माहीत आहे.

दुपारी तिच्या घरी भात आणि सुकटीचं कालवण जेवले. निघताना ती पायथ्यापर्यंत पोहोचवायला आली नाही. पण जीपमध्ये बसल्यावर तिचा फोन आला. सरांना फोन केला होता, ती म्हणाली, त्यांना ऐकूच जात नव्हतं, तीन वेळा माफी मागितली. आणि मग आम्ही दोघी हसलो, थोडंसं.

दुसऱ्याच दिवशी मी नवीन पत्र ठाण्याला नेऊन दिलं आणि पोच घेतली. मग कंपनीच्या संघाच्या व्यवस्थापक बाईंना फोन करून सांगितलं की उशीर मुलीकडून झाला नाही, तिच्या मंडळाकडून झाला, आणि मंडळातून माझ्याकडून. जागा भरली आहे, म्हणाल्या, उन्हाळ्यात पुन्हा निवड आहे, तेव्हा या.

म्हणजे तो हंगाम तिला आमच्याकडूनच खेळणं भाग होतं. ती खेळेल असं मला वाटलं नव्हतं. पण पंधरा दिवसांनी ती मैदानावर आली, चपला कडेला काढल्या आणि म्हणाली, खेळायचं तर हाय. माझ्याशी ती खेळापुरतं बोलायची. शनिवारी राहायला येत नव्हती. आई दर शनिवारी विचारायची आणि मी काहीतरी कारण द्यायचे. शेवटी आईनेच तिला फोन केला आणि भाकरी केल्याचं सांगितलं. त्या शनिवारी ती आली.

त्या वर्षी आम्ही जिल्ह्यात दुसऱ्या आलो. आमच्या मंडळाचं आजवरचं ते सर्वांत मोठं यश. चषक हातात घेऊन फोटो काढताना सगळ्या मुली ओरडत होत्या. मी मधे उभी होते, कर्णधार म्हणून. तो चषक अजून मंडळाच्या खोलीत आहे आणि नवीन मुलींना तो दाखवतात. मी दाखवत नाही.

उन्हाळ्यातल्या निवडीला मी तिच्याबरोबर गेले. बाहेर पायरीवर दिवसभर बसले. तिची निवड झाली. तिला सोडून परत येताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. भूक लागली होती. घरी येऊन दोन माणसांचं जेवले.

नंतरची दोन वर्षं आमच्या संघाला वाईट गेली. पहिल्या फेरीत हरायचो. तिसऱ्या वर्षी एका मोठ्या खुल्या स्पर्धेत आमची गाठ तिच्या संघाशी पडली. मॅट होतं, दिवे होते, आणि आमच्या निम्म्या मुली मॅटवर पहिल्यांदाच खेळत होत्या. ती पहिली चढाई करायला आली तेव्हा मी डाव्या कोपऱ्यात होते. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोनस घेऊन गेली. दुसऱ्या वेळी मला बाद करून गेली. तिसऱ्या वेळी मी तिचा घोटा धरला, पूर्ण ताकदीने, आणि ती मला ओढत मधल्या रेषेपर्यंत घेऊन गेली आणि हात टेकवून सुटली. तीनदा आमचा अख्खा संघ बाद होऊन आमच्यावर लोण चढला. सामन्याच्या शेवटाकडे एकदा मात्र ती माझ्या हातात सापडली. उजव्या मधल्या मुलीने वेळेवर साथ दिली आणि ती बाद झाली. आमच्या बाकावर असा जल्लोष झाला की जणू आम्ही अंतिम सामना जिंकलो.

सामना संपल्यावर ती माझ्याजवळ आली. घामाने भिजलेली, त्यांच्या कंपनीचा निळा पोशाख. मला वाटलं ती मला मिठी मारेल. ती म्हणाली, पकड करायच्या आधी तुझा उजवा पाय हलतो, आमच्या सगळ्या पोरींना ठाव हाय, आमच्या कोचनी सांगितलं होतं. मी विचारलं, तू सांगितलंस ना त्यांना? ती म्हणाली, हो. मग तिथेच पार्किंगच्या जागेत तिने मला अर्धा तास शिकवलं. माझा पाय तिने हाताने धरून ठेवला आणि मला वाकायला लावलं. त्यानंतर दोन हंगामांत मी जितक्या पकडी केल्या तितक्या आधीच्या सगळ्या वर्षांत केल्या नव्हत्या.

त्यामुळेच मलाही बोलावणं आलं. ठाण्यातला एक संघ, मागे एक बिल्डर, चांगलं मानधन. तेव्हा मी शाळेत शिकवायला लागले होते. मी आठ दिवस विचार केला आणि तिला फोन केला. मला अपेक्षा होती की ती म्हणेल, जा. ती बराच वेळ माझं ऐकत राहिली आणि म्हणाली की माझ्या आवाजावरून तिला कळतंय, मला जायचं नाही, फक्त कुणीतरी बोलावलं याचा आनंद सांगायचा आहे. ते खरं होतं. मी गेले नाही. या वेळी मात्र ते संघावर उपकार केल्यासारखं वाटलं नाही. मला संध्याकाळी त्या लाल मातीत जायला आवडतं, आणि शाळेतून तिथे चालत दहा मिनिटं लागतात. माझी निष्ठा म्हणायची तर एवढीच आहे.

ती कंपनीच्या संघाकडून देशपातळीवर खेळली, जिंकली, दोनदा. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा आम्हाला वाटलं संपलं, पण कंपनीने तिला ऑफिसात कायम घेतलं आणि वर्षभराने ती पुन्हा खेळलीही. पाड्यावर पक्कं घर झालं. धाकटी बहीण नर्सिंग करते. एकदा दुसऱ्या एका संघाने तिला जास्त पैसे देऊ केले तेव्हा ती गेली नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी कंपनीने सांभाळलं, आता कसं सोडू, म्हणाली. मला त्या दिवशी हसू येत राहिलं.

आता संघ मी बघते. सर खुर्ची टाकून बसतात, त्यांना कानात यंत्र बसवलंय, तरी बोलणं तेवढंच मोठं. तिच्या पाड्यावरच्या आणि शेजारच्या पाड्यावरच्या मिळून आठ मुली सरावाला येतात. त्यांच्या एसटीच्या वेळेप्रमाणे आम्ही सराव अर्धा तास आधी सुरू करतो. या जूनमध्ये आमची सगळ्यात चांगली चढाई करणारी मुलगी पुण्याच्या एका संघात गेली. तिने मला विचारलं तेव्हा ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. तिला वाटत होतं मी रागावेन. मला आत कुठेतरी कळ आली, नाही असं नाही. पण पत्र मी त्याच दुपारी लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढून देऊन आले. निरोपाला सरांनी पेढे आणले होते.

पेढे खाऊन झाले, ती गेली, आणि सरावाला उभ्या राहिल्या तर एका बाजूला सहाच मुली. माझी जुनी मैत्रीण त्या आठवड्यात रजेवर गावी आली होती आणि दुपारपासून मैदानावर बसून होती. ती उठली, ओढणी कमरेला आवळून बांधली आणि जाऊन सातवी उभी राहिली, तीही कोपऱ्यात, जिथे ती आयुष्यात कधी खेळली नव्हती. समोरून चौदा वर्षांची मुलगी चढाईला आली. आमच्या राष्ट्रीय विजेतीने पकडीसाठी झेप घेतली, घोटा निसटला आणि ती तोंडावर मातीत पडली. कारखान्याच्या दारातून कुणीतरी म्हणालं, "दीदी, पैर पहले देखो." ती उठून तोंडातली माती थुंकत होती. मी तिला ओरडून सांगितलं की तिचा उजवा पाय आधीच हलतोय.